दाताच्या दवाखान्यातले मोठे बाबू

आमच्या दवाखान्यात येणारी माणसं पहिल्यांदा मोठ्या बाबूंना घाबरत, मग मला, आणि दात कोरायच्या मशीनला सगळ्यात शेवटी. दार उघडलं की समोरच त्यांचं टेबल. टेबलावर दोन जाड रजिस्टरं, एकावर 'आवक' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'जावक'. मागे ताठ बसलेला, पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेला, नाकापासून हनुवटीपर्यंत निळा मास्क चढवलेला माणूस. मास्कच्या वर दोन डोळे. त्या डोळ्यांनी एकदा पाहिलं की गाल धरून आलेला पेशंट गालावरचा हात काढून सरळ उभा राहायचा.

"नाव?"

पेशंट नाव सांगे.

"कोणता दात?"

"हा, खालचा."

"'हा' असं रजिस्टरात लिहिता येत नाई. मागून कितवा, ते सांगा."

मग तो बिचारा बाकावर बसून जिभेने आपले दात मोजत राही. मोजता मोजता आत काय होणार आहे हे विसरून जाई. माझ्या खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर त्याची अर्धी भीती बाहेरच खर्च झालेली असे. हा फायदा मला फार उशिरा कळला. सुरुवातीला मला वाटे, या माणसापायी एक दिवस माझा दवाखाना ओस पडणार.

मीही त्यांना घाबरत होते, हे आधीच सांगून टाकते. दवाखाना माझा, पाटी माझ्या नावाची, आणि सकाळी दहाला पाच मिनिटं उशीर झाला तर मी चपला हातात घेऊन मागच्या दाराने आत जायची. मी जन्माचीच भित्री. दाढ उपटताना माझा हात कधी थरथरला नाही, पण पेशंटच्या नवऱ्याने आवाज चढवला की माझं ततपप होतं. फोन वाजला तरी तो आपोआप थांबायची वाट बघते. बाबूंना ठेवलं तेही या भीतीपोटीच.

वर्धेजवळच्या सिंदी मेघेत दवाखाना सुरू करून तीन वर्षं झाली होती. मी आणि मावशी, एवढाच कारभार. मावशी पन्नाशीच्या, झाडण्यापासून हत्यारं निर्जंतुक करण्यापर्यंत सगळं त्याच बघत. एकदा अक्कलदाढ काढलेल्या एका पेशंटचा गाल सुजला आणि त्याचे दोन भाऊ येऊन टेबल ठोकून गेले. सूज यायचीच होती आणि दोन दिवसांत उतरायचीच होती, पण एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून फुटेना. शेवटी मावशींनीच त्यांना बाहेर काढलं. मी आतल्या खोलीत दार लावून उभी होते. त्या दिवशी ठरवलं की लोकांच्या आणि माझ्या मध्ये बसणारा एक माणूस पाहिजे.

'ऑफिस मॅनेजर पाहिजे' असा कागद दारावर लावला आणि तोच मजकूर कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ते मास्कचे दिवस होते. मुलाखती मी प्लास्टिकच्या पडद्याआडून घेतल्या. पहिली मुलगी लग्न होईपर्यंतच येणार होती आणि लग्न पुढच्या महिन्यात होतं. दुसरा माझ्याशी बोलताना सगळा वेळ खाली मोबाईलमध्ये बघत होता. तिसऱ्याला रक्त पाहून चक्कर येते, हे त्याने स्वतःच प्रामाणिकपणे सांगून टाकलं. चौथे हे.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत सगळी नोकरी कारकुनीत गेलेली, शेवटी मुख्य लिपिक होऊन निवृत्त. शाळेत सगळे 'मोठे बाबू' म्हणत, तेच नाव इथे आलं. घर बोरगाव मेघेत. हातात टॅग बांधलेली फाईल, तीत सुंदर अक्षरातला अर्ज, 'विषय : ऑफिस मॅनेजर या पदाबाबत.'

"कॉम्प्युटर येतो का?" मी विचारलं.

"येते. पण त्याच्यावर माहा भरवसा नाई."

"बीपी, शुगर काही?"

"काईच नाई."

"दवाखान्यात काम करायचं म्हणजे भीतीबिती वाटणार नाही ना?"

हे मी आपलं सहज विचारलं होतं. त्यांनी फाईलचा टॅग सारखा केला. मग म्हणाले, "मॅडम, भेव त सगळ्यायलेच वाटते. त्याच्यात विचारायचं काय?"

मला हे उत्तर आवडलं, कारण मलाही तेच म्हणायचं असतं आणि कोणी म्हणू देत नाही. मग त्यांनीच विचारलं, "पेशंटची खुर्ची कुठी हाये?" मी आतल्या खोलीकडे हात केला. ते उठले, दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबून खुर्चीकडे पाहत राहिले आणि तसेच मागे फिरले. "ठीक हाये. उद्यापासून येतो," म्हणाले.

दातांच्या दवाखान्यासाठी माणूस ठेवला आणि त्याचं तोंड पाहिलं नाही. तेव्हा कोणीच कोणाचं तोंड पाहत नव्हतं हे खरं. पण मी दातांची डॉक्टर होते. 

त्यांनी आठवडाभरात दवाखान्याचं सरकारी कार्यालय करून टाकलं. पेशंट आला की त्याला आवक क्रमांक. दात काढला की त्याची जावकला नोंद. "मॅडम, जावकले घ्यायचा हाये," असं म्हणत ते उंबऱ्याबाहेर उभे राहत. मावशी ट्रेमधला दात दाखवत आणि ते लांबूनच पाहून लिहीत, 'खालची उजवी दाढ, एक नग, मुळासह.' आत मात्र कधी येत नसत. चिठ्ठी द्यायची असली तरी उंबऱ्याबाहेरून हात लांब करत. मी याला शिस्त समजत होते. साहेबांच्या खोलीत विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, असलं काहीतरी.

"दाताची नोंद कशाला ठेवायची बाबू?" मी एकदा धीर करून विचारलं.

"वीस वर्षानं कोणी येऊन विचारलं, माहा दात कुठी गेला, त आपल्यापाशी उत्तर पाह्यजे."

सहा महिन्यांनी तपासणीला न आलेल्यांना ते पोस्टकार्ड पाठवत. 'स्मरणपत्र क्रमांक १. विषयांकित दाढेबाबत आपण अद्याप हजर झाला नाहीत, तरी तात्काळ हजर व्हावे.' सेलूकडचे एक गृहस्थ ते कार्ड घेऊन थरथरत आले. त्यांना वाटलं कोर्टातून आलंय. घरी बायकोने देवापुढे दिवा लावला होता म्हणे. मी बाबूंना म्हटलं, जरा भाषा सौम्य करा. ते म्हणाले, "सौम्य भाषेत कोणी आलतं का आजपर्यंत?" कोणी आलं नव्हतं.

पण त्यांचा खरा दरारा होता खर्रा खाणाऱ्या पोरांवर. आमच्याकडे नाक्यानाक्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधून देतात, तो खर्रा. कॉलेजातली पोरं, ऑटोवाले, मास्तर, कोणी सुटलेलं नाही. खाऊन खाऊन गालाची आतली कातडी आवळत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. मी आत पेशंटला हे सांगायची ते उंबऱ्यापलीकडून ऐकून ऐकून त्यांनी ही तपासणी बाहेरच सुरू केली. भिंतीवर एक आरसा टांगला. पोरगा आला की, "आरशासमोर उभा राय. घाल बोटं." मग माझ्याकडे चिठ्ठी यायची, 'आवक ४१२. दोन बोटं. तातडीचे.' खिशातली पुडी काढून घेत आणि तिचीही नोंद करत, 'खर्रा, एक पुडी, जप्त.'

एक पोरगा एकदा उखडला. "तुमी कोण हो मले सांगणारे? डॉक्टर हाये का तुमी?"

"नाई. म्हून त सांगून राह्यलो. डॉक्टर गोड बोलते."

"मी खाईन, काय करता?"

"खाजो. पण दर सोमवारी इथी येऊन बोटं घालून दाखवत जाजो. ज्या दिवशी तिसरं जाणार नाई, त्या दिवशी तुह्या बापाले पत्र जाईन."

तो पोरगा सहा-सात सोमवार आला. नंतर त्याने खर्रा सोडला की दवाखाना सोडला, मला माहीत नाही.

स्वतः बाबू आमच्याकडे पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. एक ते दोन घरी जेवायला जात. मास्कचे दिवस संपले, मावशींनी मास्क काढला, मी पेशंटपुरता ठेवला, त्यांचा मात्र दिवसभर तसाच. मला वाटे धसका घेतलाय कोरोनाचा. एकदा मावशींच्या नातवाच्या बारशाचे तर्री-पोहे आले. त्यांनी प्लेट बाजूला सारली. "मले तिखट चालत नाई." वर्धेचा माणूस आणि तिखट चालत नाही, म्हणून मी आणि मावशी पोट धरून हसलो. तिखट सोसेनासं होणं हे तोंड आवळत जाणाऱ्या त्या रोगाचं अगदी पहिलं लक्षण म्हणून मी परीक्षेत लिहिलेलं आहे. त्या दिवशी ते वाक्य माझ्या कानांवरून नुसतं गेलं.

त्यांनी मला एकदा फार कठोरपणे वागवलं, तेही सांगायला हवं. एक शिक्षक आले होते. गालात पांढरा चट्टा आणि त्यात एक जखम. पाहताच मला कळलं की तुकडा काढून तपासायला पाठवला पाहिजे. पण त्यांची बायको शेजारी उभी होती, मुलीच्या लग्नाच्या पत्रिका हातात घेऊन. माझी जीभ रेटेना. मलम लिहून दिलं आणि म्हटलं, पंधरा दिवसांनी दाखवा.

ते गेल्यावर बाबू उंबऱ्यावर येऊन उभे राहिले.

"मॅडम, काय होतं त्यायले?"

"जखम आहे. बघू पंधरा दिवसांनी."

"तुमच्या आवाजावरून वाटलं नाई पंधरा दिवसाचं. तुमी सांगायले भेल्या."

मी ट्रेमधली हत्यारं नीट लावू लागले.

"तुमी नाई सांगितलं त तो माणूस बाहेर जाऊन म्हणन, काई नाई निघालं. खुशीत खर्रा खाईन. तुमचं भेव त्याच्या घरी जाईन मॅडम." एवढं बोलून ते टेबलाशी गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या शिक्षकांना फोन करून जखम मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बरोबर साडेदहाला फोन लावला. "मोठ्या दवाखान्यात गेलते का? नाई? मंग उद्या परत फोन करतो." पाचव्या दिवशी ते गृहस्थ वैतागून एकदाचे मोठ्या दवाखान्यात गेले. वेळेत गेल्यामुळे थोडक्यात निभावलं. ते आजही तपासणीला येतात आणि बाबूंचा विषय निघाला की डोळे पुसतात.

त्यानंतरच्या मे महिन्यातली गोष्ट. आमचा मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. बाबू जेवून सायकलीवरून परत आले, टेबलाला हात टेकला आणि तसेच खाली बसले. मावशी धावल्या. मी आतून पाणी घेऊन आले. मावशींनी घाईघाईने त्यांचा मास्क ओढला आणि मी ग्लास ओठांना लावला.

ग्लास आत जाईना. पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडलं. मी त्यांची हनुवटी धरली आणि बोटाने ओठ बाजूला केला. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. दोन वर्षं जो माणूस आरशासमोर लोकांना तीन बोटं घालायला लावत होता, त्याच्या तोंडात एक बोट मावत होतं. आतून एक वास आला. तो वास मला ओळखीचा होता. 

चमच्याने पाणी पाजलं तेव्हा ते भानावर आले. पहिल्यांदा त्यांचा हात मास्क शोधू लागला. मास्क चढवून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "याची नोंद नको."

दुसऱ्या दिवशी टेबलावर रजेचा अर्ज होता. 'गिरड येथे दर्शनास जाणे आवश्यक असल्याने तीन दिवसांची रजा मंजूर व्हावी.' मी मंजूर केली. खरं सांगते, मला हायसं वाटलं. तीन दिवस तरी तो मास्क समोर असणार नव्हता.

ते परत आले आणि काहीच घडलं नसल्यासारखं काम करू लागले. मीही तशीच. रोज सकाळी ठरवायची की आज बोलायचं, आणि त्यांचे डोळे दिसले की पेशंटचा एक्स-रे उचलून आत जायची. उंबऱ्याबाहेरून हात लांब झाला की चिठ्ठी घ्यायची, पण वर पाहायची नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू डॉक्टर आहेस ना, मग बघ ना त्यांचं तोंड. त्याला काय कळणार. एकदा पाहिलं की ते पाहिलेलं राहतं, आणि मग मला ते मोठ्याने म्हणावं लागणार होतं. एक दिवस हिय्या करून मी चिठ्ठी लिहिली, 'आपले तोंड तपासणे आवश्यक आहे, तरी तात्काळ हजर व्हावे,' आणि त्यांच्या टेबलावर ठेवून पळाले. संध्याकाळी ती चिठ्ठी आवक क्रमांक घालून फाईलला लावलेली दिसली. वर त्यांचा शेरा होता, 'पाहिले.'

असे अकरा दिवस गेले. हा हिशेब मी कधी विसरणार नाही.

बाराव्या दिवशी दुपारी बाकावर कोणी नव्हतं. मी बाहेर आले आणि पेशंट बसतात त्या स्टुलावर, त्यांच्यासमोर बसले.

"नोंद घ्या," मी म्हटलं.

"कोणाची?"

"माझी."

हाताच्या सवयीने त्यांनी पेन उघडलं. "तक्रार?"

"भीती वाटते."

"कायची?"

"तुमच्या तोंडाची. बघायचीही वाटते आणि न बघायचीही वाटते. तुम्हीच म्हणाला होतात, माझं भेव दुसऱ्याच्या घरी जातं म्हणून."

त्यांनी काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी इथी नोकरीसाठी नोतो आलो."

मला काही समजेना.

"खर्रा सोडून मले सात वर्षं झाले. वाटलं, सोडला की तोंड उघडन. नाई उघडलं. पहिले भाकर बंद झाली, मंग पोळी, मंग वरणभात कुस्करून खाऊ लागलो. तुमचा दवाखाना निघाला अन् मी दाखवायले येऊन राह्यलो. तीनदा आलतो. तीनदाबी दारातून वापस गेलो. पाय आत टाकवेच ना. चौथ्या खेपेले दारावर तुमचा कागद दिसला, मॅनेजर पाह्यजे म्हून. म्हटलं, पेशंट होऊन जमत नाई त नोकर होऊन आत जाऊ. रोज बसू, रोज पाहू. एक दिवस भेव जाईन अन् आपण खुर्चीत जाऊन बसू."

"मग?"

"रोज मशीनचा आवाज ऐकला. रोज ते दात ट्रेमंधी पाह्यले. भेव वाढतच गेलं."

"अहो, मग लोकांना बोटं घालायला लावत होतात ते?"

"त्यायचे तीन बोटं गेले की मले बरं वाटे," ते म्हणाले.

मावशींना रडू फुटलं. मला रडायला वेळ नव्हता, कारण मला कळलं होतं की आत्ता उठलो नाही तर आम्ही दोघंही पुन्हा उठणार नाही. मी म्हटलं, "चला."

"आज?"

"आत्ता."

मावशींनी त्यांच्या दंडाला धरलं. "चला बाबू, मी हाये ना संगं." उंबऱ्याशी ते थांबले. मी मागून पाहत होते, त्यांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ घामाने भिजून चिकटली होती. मावशींनी अजून एकदा "चला" म्हटलं आणि त्यांनी पाऊल आत टाकलं. खुर्चीत बसल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि स्वतःच्या हाताने मास्क काढला.

मी सगळ्यात लहान आरसा घेतला. डाव्या गालात, अगदी मागे, कडा वर आलेली जखम. हात लावला तर कठीण. दुसरं काही असण्याची शक्यता मी दोन मिनिटं शोधत राहिले. सापडली नाही.

"बाबू," मी म्हटलं, "हा कॅन्सर आहे असं मला वाटतं. बहुतेक आहेच. उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात जायचं आणि तुकडा काढून तपासायला द्यायचा. मी बरोबर येणार आहे."

असं सरळ वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. त्यांनी डोळे उघडले. वरच्या दिव्याकडे पाहत म्हणाले, "बरं केलं सांगतलं." मग हातातल्या मास्कची घडी घातली. "एक विचारू? मी नोकरीले लागलो, तवा हे असन का?"

नव्हतं. अशी जखम दोन वर्षं थांबून राहत नाही. ती जास्तीत जास्त सहा-आठ महिन्यांची होती. ते लागले तेव्हा तोंड आवळलेलं असणार, कातडी पांढरी पडलेली असणार, पण ही जखम नसणार. मुलाखतीच्या दिवशी मी पडदा बाजूला करून एवढंच म्हटलं असतं की मास्क काढा, तर आम्ही दर महिन्याला त्या गालावर नजर ठेवली असती. ते पेशंट म्हणून आले असते तरीही तेच. मग ती फुटाण्याएवढी असतानाच सापडली असती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं.

"हो," मी म्हणाले. "तेव्हाही असणार. आत खोलवर असतं, बाहेर दिसायला वेळ लागतो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग ठीक हाये. मंग आपल्या दोघायचीबी चूक नाई."

त्यांना दुःख होऊ नये म्हणून मी खोटं बोलले, असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं नव्हतं. ते मला काय म्हणतील, या भीतीने मी खोटं बोलले.

ऑपरेशन मोठं झालं. डावा जबडा आणि गाल काढावा लागला, छातीची कातडी घेऊन तिथे लावली. चार महिन्यांनी ते कामावर परत आले आणि आले ते मास्क न लावता. मी म्हटलं, बाबू, लावायचा असेल तर लावा. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. बोलणं नीट कळत नसे, म्हणून ते चिठ्ठ्या लिहीत. खर्रा खाणारी पोरं दार उघडून आत येत, त्यांना पाहत आणि जागच्या जागी थिजत. बाबू काही न बोलता आरशाकडे बोट दाखवत. त्या महिन्यांत आतल्या खोलीतही ते सहज येत, माझ्या शेजारी उभे राहून दात जवळून पाहत आणि मग लिहून घेत. एकदा एक लहान मुलगी त्यांना पाहून किंचाळली, तेव्हा मला वाटलं आता ते घरी बसतील. त्यांनी फक्त टेबलाची दिशा बदलली आणि तोंडाची चांगली बाजू दाराकडे केली.

नऊ महिन्यांनी मानेत गाठ आली. ती मीच पाहिली, मीच सांगितली, त्याच दिवशी. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. दीर्घ रजेचा अर्ज स्वच्छ अक्षरात लिहून दिला. रजेवरच ते गेले.

तेराव्याला मी जाऊ शकले नाही. जाऊ शकले नाही म्हणजे दुपारभर साडी नेसून घरात बसून राहिले. आठवड्याने बोरगाव मेघेला गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं. लहानखुरी बाई, मी याआधी तिला फक्त वॉर्डाबाहेर पाहिलेलं. ती मला रागाने बोलेल या भीतीने मी गेटपाशीच दोन मिनिटं उभी होते. तिने आत बोलावलं, चहा करून आणला, माझ्यासमोर येऊन बसली.

"एक सांगू का मॅडम, मले तुमचा लय राग होता," ती म्हणाली. "म्हटलं, दोन वर्षं दाताच्या डॉक्टरच्या दाराशी बसला माहा माणूस, अन् तिले दिसलं नाई? असे कसे डोळे हायेत तिचे? मी त तुमच्या दवाखान्यात येऊन भांडणार होती."

मी चहाचा घोट घेतला.

"पण यायनं येऊ देलं नाई. दहादा सांगितलं असन मले. बोलता येत नोतं तवा कागदावर लिहून सांगितलं. मी नोकरीले लागलो तवाच ते होतं, मॅडमनं तवा पाह्यलं असतं तरी काई फरक पडला नसता, तिले काई बोलजो नको. मंग माहा राग गेला." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "हव ना मॅडम? तवाच होतं ना ते?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. तिच्या तोंडावर काय होतं ते मला दिसत होतं. तिला हो ऐकायचं होतं, आणि नाही म्हटलं तर पुढे काय होईल हेही मला दिसत होतं.

"हो," मी म्हणाले. "तेव्हाच होतं."

तिने मान हलवली, "मंग झालं," म्हणाली, आणि माझा कप रिकामा पाहून अजून थोडा चहा घ्या म्हणाली. मी घेतला.